'रेघोट्या' म्हणणाऱ्यांसाठी: अल्बुकर्कीची खोदचित्रं

वाटसरू:
काल इथल्या एका अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या सहलवर्णनात वाचलं, "अल्बुकर्कीचं पेट्रोग्लिफ पार्क टाळा. दगडावरच्या पोरकट रेघोट्या आहेत, सान्ता फेला जास्त वेळ द्या." तेव्हापासून डोकं फिरलंय. काळ्या बेसाल्टच्या २७ किमी लांब कड्यावर वीस हजारांहून जास्त चित्रं, त्यातली बहुतेक १३०० ते १६८० च्या दरम्यान प्वेब्लो या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या पूर्वजांनी कोरलेली. दगडावर साचलेलं काळं पूट दगडानेच ठोकून उडवायचं, की आतला फिकट करडा रंग दिसतो. घाव चुकला तर चुकला, खोडायची सोय नाही. याला रेघोट्या म्हणायचं?

सडेतोड:
ते वाक्य माझंच आहे. जुलैत दोन पोरांना घेऊन पार्कमधल्या रिंकोनाडा दरीच्या वाळूतून साडेतीन किमी चाललो. नेलेलं पाणी निम्म्यातच संपलं, धाकटी रडायला लागली. आणि कशाचा अर्थ काय, ते धड कुठे कळलं नाही. ज्याचा अर्थ कळत नाही ते 'महान' म्हणून मी का डोक्यावर घ्यायचं?

शेवंती:
अर्थ हरवलेला नाहीये हो! त्या लोकांचे वंशज आजही रिओ ग्रांदे नदीच्या काठी आपापल्या गावांत राहतात, चित्रांपाशी येऊन प्रार्थना करतात. काही चित्रांचा अर्थ ते मुद्दामच बाहेरच्यांना सांगत नाहीत. आपण कुळाचारातलं सगळं पाहुण्याला सांगतो का? माझ्या आजीने देव्हाऱ्यातल्या एका टाकाबद्दल माझ्या वडिलांनासुद्धा शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणि लेखात 'अनासाझी' लिहिलंय तेही बदला. तो नावाहो या दुसऱ्या मूळनिवासी जमातीच्या भाषेतला शब्द आहे, 'शत्रूंचे पूर्वज' अशा अर्थाचा. प्वेब्लो लोकांना तो खुपतो.

कातळवेडा:
त्यांना निदान १९९० पासून राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा तरी आहे. आमच्या रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर या! २०२२ मध्ये तिथल्या कातळशिल्पांचं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत नाव लागलं आणि २०२३ मध्ये त्याच भागातल्या बारसूला रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू.

वाटसरू:
दर्जाने सगळं वाचत नाही. १९९८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने याच स्मारकातून साडेआठ एकर जागा वगळली, रस्त्यासाठी. प्वेब्लो लोकांनी जीव तोडून विरोध केला. २००७ मध्ये त्या रस्त्यावरून गाड्या धावू लागल्या.

सडेतोड:
मग काय, शहराने वाढायचंच नाही? बारसूचंही तेच. पोरं मुंबईला जातात, गावात म्हातारे उरतात, आणि इथे लोक दगडांसाठी रडतात. माझा चुलतभाऊ राजापूर सोडून पनवेलला दहा बाय दहाच्या खोलीत राहतो. त्याला सांगा कातळशिल्पांचं महत्त्व.

कातळवेडा:
भावाला पुढे करू नका. मीही त्याच मातीतला. आमच्या घराचा चिरा गावच्या सड्यावरच्या खाणीतला. वडील सांगायचे, खाण सुरू झाली तेव्हा तिथे 'चित्रं होती'. कसली, ते कुणी पाहून ठेवलं नाही. आज भिंतीवर हात ठेवला की वाटतं, यातल्या एखाद्या चिऱ्यावर माशाची शेपटी असेल. रोजगार मलाही हवा आहे, पण सड्यावर नांगर फिरवून मिळालेला नको!

शेवंती:
धागा प्वेब्लो चित्रांचा आहे, दोघांनीही आवाज खाली करा. आणि कातळवेडा, एक फरक लक्षात घ्या. तिकडे 'हे आमच्या पूर्वजांचं' म्हणून उभं राहणारे लोक आहेत. कोकणातली चित्रं कुणी खोदली हेच आपल्याला माहीत नाही. म्हणून आपली जबाबदारी कमी नाही, उलट जास्त.

कातळवेडा:
हे मान्य. टोचलं, पण मान्य.

सडेतोड:
बारसूवर माझं मत तेच आहे. पण चित्रांचे वंशज आजही तिथे येतात हे मला माहीत नव्हतं. थोरलीने एका पोपटासारख्या चित्रासमोर थांबून "हा पक्षी इथे कसा?" असं विचारलं होतं, मी तिला पुढे ओढलं.

वाटसरू:
तिचा प्रश्न बरोबर होता. ते मकाव आहेत, मोठ्या रंगीत पोपटांची एक जात. त्यांची पिसं आणि जिवंत पक्षी मेक्सिकोकडून व्यापारात यायचे, ते पक्षी त्या वाळवंटातले नाहीतच.

सडेतोड:
तिला आज सांगतो. लेखातून 'रेघोट्या' आणि 'अनासाझी' दोन्ही काढतोय. जुलैत जाऊ नका आणि भरपूर पाणी न्या, एवढं मात्र तसंच ठेवणार.