मोठ्या कुटुंबासह उन्हाळी उत्सव: सामानापाशी बसणाऱ्यांनाही उत्सव पाहता यावा, यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही सगळे एकत्र जमलो की चौदा जण होतो: सासू-सासरे, त्यांचे तीन मुलगे, आम्ही तिघी जावा आणि सहा मुले. मुलांतील थोरला पंधरा वर्षांचा आहे आणि सर्वांत धाकटी अवघ्या चार महिन्यांची. सासऱ्यांना रक्तदाबाची औषधे चालू आहेत आणि सासूबाईंना फार वेळ उभे राहवत नाही. तरीही उन्हाळ्यात लहान शहरांत भरणाऱ्या उत्सवांना सर्वांनी मिळून जाणे आम्हाला मनापासून आवडते. तिथे सगळे एकाच मैदानाभोवती असते, मिरवणूक एकाच रस्त्याने जाते आणि दुपारी मुलांच्या शर्यती लावणारे गृहस्थच संध्याकाळी व्यासपीठावर वाद्य वाजवताना दिसतात. मोठ्या शहरांतील महोत्सवांत असा जिव्हाळा मला कधी जाणवला नाही.

माझी अडचण गर्दीची किंवा खर्चाची नाही. पिशव्या, बाबागाडी आणि दमलेली माणसे एखाद्या झाडाखाली विसावली की त्यांच्यापाशी बसणारी व्यक्ती न ठरवताही ठरलेलीच असते. बाळ लहान म्हणून धाकटी जाऊ बसते, तिला सोबत म्हणून सासूबाई बसतात आणि बाकीचे येऊन-जाऊन असतात. ‘आम्हाला इथेच बरे वाटते’ असे त्या दोघी म्हणतात; पण लांबून वाद्यांचा आवाज आला की दोघींच्याही माना तिकडे वळतात, हे मी पाहिले आहे. उत्सव सर्वांचा असेल तर तो त्यांनाही मिळायला हवा.

यंदा सावलीतील एक जागा मुक्कामाची ठरवून तिथे तासातासाने पाळी बदलावी आणि त्या पाळ्यांत तिन्ही भावांनीही बसावे, असा माझा विचार आहे. फिरण्यासाठीचे गट मात्र आई-वडील आणि त्यांची मुले असे न करता चालण्याच्या वेगानुसार करावेत, म्हणजे आजीबरोबर पाच वर्षांची नात रमतगमत फिरेल आणि मोठी मुले पाळण्यांकडे जातील. शंका एवढीच आहे की पाळण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पाळीची वेळ आठवेल का? घड्याळाऐवजी कार्यक्रमपत्रिकेतील एखादा कार्यक्रम संपताच पाळी बदलणे अधिक सोयीचे होईल का? हे ज्यांनी करून पाहिले आहे, त्यांनी जरूर सांगावे.

उन्हाबाबतची काही माहिती मी जमवली आहे. सहा महिन्यांखालील बाळाला उन्हाचे मलम लावण्यापेक्षा सावली आणि सैल, सुती कपडे यांवर भर द्यावा. आईचे दूध पुरेसे मिळत असेल तर उकाड्यातही त्याला वरचे पाणी द्यावे लागत नाही, फक्त अधिक वेळा पाजावे लागते. बाबागाडीवर जाड कापड टाकले की आतली हवा कोंडून तापते, त्यामुळे ते टाळायचे आहे. वयानुसार तहानेची जाणीव कमी होते आणि रक्तदाबाच्या काही औषधांमुळे लघवीवाटे अधिक पाणी जाते. म्हणून सासऱ्यांनी किती पाणी प्यावे, हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारणार आहोत. बोलण्यात गोंधळ दिसला किंवा शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, तर तो उष्माघात समजून लगेच अंग थंड करायला घ्यायचे आणि वैद्यकीय मदत बोलवायची, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला सांगून ठेवले आहे. प्रश्न उरतो तो वेळेचा. शर्यती आणि खेळ नेमके भर दुपारी असतात. सकाळी जाऊन दुपारी परतावे आणि संध्याकाळी पुन्हा यावे, की उन्हे उतरल्यावरच निघावे? लहान मुलांसह दोनदा ये-जा करणे झेपते का?

मधल्या जावेच्या मुलाला मोठ्या आवाजाचा त्रास होतो. ८५ डेसिबलचा आवाज सुमारे आठ तास सुरक्षित मानला जातो आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलपाशी जेमतेम पाव तास उरतो. त्याच्यासाठी कानांवर बसणारे संरक्षक घेतले आहेत, परंतु ते त्याने सलग वापरावेत म्हणून इतर पालक काय करतात, हे जाणून घ्यायचे आहे.

मुले हरवू नयेत यासाठी मनगटावर फोन क्रमांक लिहिणे, निघताना सर्वांचे त्या दिवशीच्या कपड्यांतील छायाचित्र काढणे आणि भेटण्याची एक खूण ठरवणे एवढे आम्ही करतोच. थोरल्याला आणि त्याच्या तेरा वर्षांच्या चुलत बहिणीला मात्र यंदा आपापले फिरायचे आहे. मला ते योग्य वाटते, कारण लहान शहरातील उत्सव हे स्वतंत्रपणे फिरायला शिकण्याचे चांगले ठिकाण आहे. शिवाय प्रत्येक वेळी धाकट्यांना त्यांच्या गळ्यात घालणेही मला पटत नाही. या वयाच्या मुलांना किती वेळाने येऊन भेटायला सांगावे?

शेवटचा प्रश्न सासूबाईंचा आहे. त्या स्वतःसाठी कधीच काही मागत नाहीत आणि ‘तुम्हाला काय पाहायचे आहे?’ असे विचारले की ‘मुलांना जे आवडेल ते’ असेच उत्तर येते. ज्यांच्या घरी असे ज्येष्ठ आहेत, त्यांनी त्यांच्या मनातले कसे काढून घेतले, हे कृपया सविस्तर लिहावे.