अनुभव धागा: अ‍ॅट्रिब्यूटनं व्हॅल्यू घेतली नाही म्हणून कोणाकोणाची रात्र गेली?

आर्वीकर
आज भाचा लॅपटॉप घेऊन ओसरीवर आला, म्हणे मामा, सी शार्पमध्ये हे सीएस०१८२ काय आहे? अ‍ॅट्रिब्यूटले (कोडवर लावायच्या चिठ्ठीले) आधीच पक्की व्हॅल्यू पाहिजे, असं सांगणारी एरर वाचली अन् मले २०१४ ची दिवाळी आठवली. एका जिनिंगसाठी सॉफ्टवेअर करून रायलो होतो, गावातूनच. कापसाचा भाव क्विंटलमागं किमान-कमाल तपासायचा होता, म्हणून स्वतःचं अ‍ॅट्रिब्यूट लिहिलं, त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (व्हॅल्यू घेणाऱ्या भागात) डेसिमल, दशांश नेमके ठेवणारा टाइप. पैशाचा हिशोब, डबल कसा घेणार? क्लास बनला, पण प्रॉपर्टीवर लावला की सीएस०१८१, म्हणजे हा टाइप अ‍ॅट्रिब्यूटले चालत नाही. कॉन्स्ट (न बदलणारी व्हॅल्यू) करून पाह्यलं, तरी तेच. इन्व्हर्टर बसला तेव्हा दोन वाजले होते, माय उठून चहा करून गेली, मी अंधारात तसाच बसून.
सकाळी जिनिंगवर गेलो तं समजलं. गाठ प्रेसमधून निघाली की तिच्यावर नंबर अन् वजन पडते, मंग बाजारात भाव काहीबी होवो, तो शिक्का बदलत नाही. अ‍ॅट्रिब्यूटचंबी तसंच, व्हॅल्यू कंपाइल होतानाच असेंब्लीच्या, म्हणजे तयार फाइलच्या, मेटाडेटात लिहिली जाते. प्रोग्राम चालल्यावर जे ठरते ते तिथं मावत नाही. तुमचे अनुभव लिहा, भाच्याले वाचून दाखवीन.

पऱ्हाटी
दादा माझं रडू आलं होतं हो या एररपायी. फॉर्मची लेबलं मराठी-हिंदी दोन्हीत पाहिजे होती, मी डिस्प्ले अ‍ॅट्रिब्यूटच्या नेममध्ये सरळ रिसोर्सची (भाषांतरं ठेवलेल्या फाइलची) प्रॉपर्टी दिली, ती काही कॉन्स्टंट नाही, मग सीएस०१८२. नेममध्ये नुसती की स्ट्रिंग म्हणून द्यायची अन् रिसोर्सटाइपमध्ये टाइपऑफ लिहून त्या रिसोर्सचा क्लास. अन् रिसोर्सचा क्लास पब्लिक करा, मूळचा तो इंटर्नल असतो, माझा अर्धा दिवस त्यातच गेला. बाळ उठलं, मग लिहिते

वरुडचा संत्रावाला
जावातबी हेच आहे बाप्पा. २००४ ला जावा ५ मध्ये अ‍ॅनोटेशन (जावाचं अ‍ॅट्रिब्यूट) आले तेव्हापासून त्यात प्रिमिटिव्ह, स्ट्रिंग, क्लास, एनम, दुसरं अ‍ॅनोटेशन अन् यांचे अ‍ॅरे, बस. नल तं देताच येत नाही, आम्ही रिकामी स्ट्रिंग द्यायचो

दारव्हा_एक्सप्रेस
आर्वीकडे पाऊस आहे का भाऊ? आमच्याकडे सोयाबीनची गंजी झाकाले ताडपत्री कमी पडून रायली

आर्वीकर
भुरभूर आहे. लवकर झाका दादा, शेंगा भिजल्या तं भाव पडते

नवीनशिकतो
पण कॉन्स्ट डेसिमल सी शार्पमध्ये चालते ना? मंग अ‍ॅट्रिब्यूटमध्ये काऊन नाही?

काटोलवाली
भाऊ, डेसिमल हा रनटाइमचा मूळ टाइप नाही, स्ट्रक्ट आहे, मेटाडेटात त्याचा कॉन्स्टंट ठेवायची सोयच नाही. तुम्ही कॉन्स्ट लिहिता तेव्हा कंपाइलर आतून स्टॅटिक रीडओन्ली फील्ड बनवतो अन् त्याच्यावर डेसिमलकॉन्स्टंट नावाचं अ‍ॅट्रिब्यूट लावतो, ज्यात बाइट अन् इंट असतात! डेसिमल साठवण्यासाठी जे अ‍ॅट्रिब्यूट, त्यालाच डेसिमल घेता येत नाही. हे समजलं तेव्हा मी घरच्या सगळ्यांना सांगत सुटले होते, कोणाला काही कळलं नाही 😄
आर्वीकर दादा, रेंज नावाच्या तयार अ‍ॅट्रिब्यूटमध्ये टाइपऑफ डेसिमल देऊन दोन्ही टोकं स्ट्रिंगमध्ये लिहायची, मग चालतं.

आर्वीकर
ताई शेवटी तेच केलं, पण चार दिवसानं.

दारव्हा_एक्सप्रेस
झाकलं सगळं. आता माझं ऐका. एनयुनिटच्या (कोड तपासायच्या साधनाच्या) टेस्टकेस अ‍ॅट्रिब्यूटमध्ये १२.५ च्या मागं डेसिमलचा एम लावला अन् लाल रेषा. वर्षभर स्ट्रिंग देऊन आत पार्स करत होतो, मग कोणीतरी टेस्टकेससोर्स दाखवलं, तिथं अ‍ॅट्रिब्यूटमध्ये फक्त मेथडचं नाव जाते, नेमऑफनं, अन् डेटा मेथड देते. तो माणूस भेटला तं त्याले आमच्या शेतातला हुरडा खाऊ घालीन

वरुडचा संत्रावाला
हुरड्याले मीबी येतो, संत्री माझ्याकडून

पऱ्हाटी
बाळ झोपलं. सी शार्प ११ पासून, २०२२ ला, जेनेरिक अ‍ॅट्रिब्यूट (टाइप कंसात घेणारं) करता येते, टाइपऑफ लिहायची कटकट गेली. पण टाइप पक्का पाहिजे, आपल्याच क्लासचा टी (अजून न ठरलेला टाइप) तिथं दिला तर पुन्हा एरर. अन् दारव्हावाले दादा, हुरड्याच्या बोलावण्यात बायामाणसं धरली की नाही?

दारव्हा_एक्सप्रेस
सगळ्याइले बोलावलं ताई, बाळाले घेऊन या. ज्वारी जानेवारीत येईन हुरड्याले

नवीनशिकतो
मामा तुम्ही धागा काढला हे मले आत्ता दिसलं. माझं झालं, टाइपऑफनं. खाली या, आजी जेवाले बोलावून रायली