मदत हवी आहे: विम्याचं माहितीपत्रक मराठीत कसं मिळवायचं?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, अशोक चौकाजवळ राहते. वडिलांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं, आता त्यांचा आरोग्य विमा काढलाय. पॉलिसी आली ती सगळी इंग्रजीत. १ जानेवारी २०२४ पासून ठरावीक नमुन्यातलं ग्राहक माहितीपत्रक द्यावंच लागतं, मागितलं तर स्थानिक भाषेतही, असा इर्डाचा, म्हणजे विमा नियामक संस्थेचा, नियम आहे. एजंट म्हणतो, ‘मराठीत येत नाही.’

हॉस्पिटलचं खोलीभाडं पॉलिसीतल्या मर्यादेबाहेर गेलं की बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापू शकतात, हे शेजाऱ्यांच्या क्लेमच्या वेळी कळलं. म्हणून को-पे (बिलातला आपण भरायचा हिस्सा), मधुमेहाचा वेटिंग पिरियड (ज्या काळात त्याचा क्लेम मिळत नाही), सगळं वडिलांनी स्वतः वाचून मगच पत्रकावर सही करावी असं वाटतं.

फ्री लूकच्या, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायच्या, ३० दिवसांतले ११ गेले. कुणाला मराठी पत्रक मिळालंय का? शाखेत लेखी अर्ज दिला होता की ईमेल? नाहीच दिलं तर इर्डाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करण्याआधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावं लागतं का?