सल्ला हवा: टाइमझोनच्या यादीत ‘ईएसटी’ ठेवायचं की शहराचं नाव?

रामबाग_बॅकएंड
अमेरिका आणि इंग्लंडमधल्या दातांच्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर आहे, टीम सगळी इंदूरला. दवाखान्याच्या सेटिंगमध्ये टाइमझोनचा ड्रॉपडाउन आहे. त्यात ईएसटी, सीएसटी, एमएसटी, पीएसटी (अमेरिकेतल्या चार प्रमाणवेळांचे संक्षेप), जीएमटी आणि पुढे ‘यूटीसी-५’ (जागतिक प्रमाणवेळेपेक्षा ५ तास मागे) वगैरे आकडा. डेटाबेस पोस्टग्रेस, बॅकएंड जावा, रिपोर्ट पायथनमध्ये. हिवाळ्यात सगळं बरोबर. मार्च ते नोव्हेंबर अपॉइंटमेंट तासभर पुढे दिसतात. क्लायंट म्हणतो, यादीत ईडीटी-पीडीटीही (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतानाचे संक्षेप) टाका, लोक निवडतील. मला पटत नाही, पण त्याऐवजी काय ते सांगा. डेटाबेसमध्ये कोणतं नाव, ड्रॉपडाउनमध्ये काय, आणि रुग्णाच्या ईमेलमध्ये काय छापायचं? (आयडी इथे देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये अर्थातच रोमन.)

पलासिया_०९
क्लायंटचं ऐकू नका. ईडीटी टाकलं की दवाखान्याच्या रिसेप्शनिस्टने वर्षातून दोनदा सेटिंग बदलायची, आणि ती विसरणार.

ईएसटी हे जागेचं नाव नाही. न्यूयॉर्कच्या घड्याळाला हिवाळ्यात लावलेली ती चिठ्ठी आहे: यूटीसीपेक्षा ५ तास मागे. उन्हाळ्यात त्याच घड्याळाची चिठ्ठी ईडीटी होते, ४ तास मागे. जुलैत सकाळी ९ ची अपॉइंटमेंट तुम्ही ईएसटी म्हणून दिलीत, तर पोस्टग्रेस इमानदारीने ५ तास धरतं आणि १४:०० यूटीसी साठवतं. खरी वेळ होती १३:००. ब्राउझर मग न्यूयॉर्कच्या उन्हाळी वेळेत ती १० ची दाखवतो. तुमचा ‘तासभर पुढे’ इथून येतो.

कॉलममध्ये आयानाच्या (इंटरनेटची नावं-क्रमांक सांभाळणारी संस्था) टाइमझोन डेटाबेसमधला आयडी ठेवा: अमेरिका/न्यू_यॉर्क, अमेरिका/शिकागो, युरोप/लंडन. या एका आयडीमागे त्या जागेचे सगळे नियम असतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळ ३ वर जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी २ चं पुन्हा १ होतं. हा नियम २००७ पासूनचा. त्याआधी तारखा वेगळ्या होत्या, तेही त्याच आयडीत आहे.

संक्षेपांवर आणखी एका कारणाने विसंबू नका, ते एकटे नसतात. सीएसटी म्हणजे शिकागोही आणि चीनही. आणि आपलं आयएसटी? पोस्टग्रेसच्या डीफॉल्ट संक्षेप यादीत ते इस्रायल आहे, यूटीसी+२. त्यासाठी ‘टाइमझोन_ॲब्रिव्हिएशन्स’ सेटिंगला ‘इंडिया’ असा वेगळा पर्याय द्यावा लागतो. आयर्लंडच्या उन्हाळी वेळेचा संक्षेपही आयएसटीच.

सुदामानगर_जेएस
ड्रॉपडाउनचं मी सांगतो. आयडी जसाच्या तसा दाखवू नका, आणि ‘यूटीसी-५’ आकडा तर अजिबात नको, कारण तो वर्षातले आठ महिने खोटा असतो.

आधी देश विचारा. आयानाच्या ‘झोन.टॅब’ फाइलमध्ये देशाच्या कोडसमोर आयडी दिलेले आहेत, ती वापरा. इंग्लंड निवडलं की एकच उरतो, प्रश्नच नको. अमेरिकेचे बरेच निघतील, पण आजच्या वेळेपुरते बहुतेक दवाखाने सातांत बसतात: न्यू_यॉर्क, शिकागो, डेन्व्हर, फिनिक्स, लॉस_एंजेलिस, अँकरेज आणि पॅसिफिक/होनोलुलू. बाकीचे ‘आणखी’खाली ठेवा. लेबल असं: ‘ईस्टर्न टाइम, न्यूयॉर्क, आत्ता सकाळचे ९:१०’. ही ‘आत्ताची वेळ’ सगळ्यात कामाची. रिसेप्शनिस्ट भिंतीवरचं घड्याळ बघते, जुळलं की पुढे जाते.

‘ईस्टर्न टाइम’ हाताने लिहू नका. जावास्क्रिप्टच्या ‘इंटल.डेटटाइमफॉरमॅट’ला ‘टाइमझोननेम’मध्ये ‘लाँगजेनेरिक’ दिलं की उन्हाळा-हिवाळा नसलेलं नाव मिळतं. नुसतं ‘लाँग’ दिलंत तर त्या तारखेप्रमाणे ‘स्टँडर्ड’ किंवा ‘डेलाइट’ येतं. ड्रॉपडाउनला जेनेरिक. ईमेलमध्ये विशिष्ट तारीख असते, तिथे दोन्ही चालतं, पण मी जेनेरिकच छापेन आणि शेजारी गाव. रुग्णाला ईडीटीशी काही देणंघेणं नाही.

फिनिक्स आणि डेन्व्हर कधीच एक करू नका. ॲरिझोनात घड्याळ बदलत नाही, आणि त्याच राज्यात नावाहो लोकांच्या प्रदेशात बदलतं. तिथला दवाखाना असेल तर डेन्व्हर.

तुकोगंज_डॉटनेट
विंडोज सर्व्हर कुठे आहे का? तिथली नावं निराळी आणि फसवी. ‘ईस्टर्न स्टँडर्ड टाइम’ नावात स्टँडर्ड असूनही उन्हाळी बदल धरतं, म्हणजे ते न्यूयॉर्क. पुढे ‘यूएस’ लावून ‘यूएस ईस्टर्न स्टँडर्ड टाइम’ केलं की ते इंडियाना. ‘यूएस माउंटन स्टँडर्ड टाइम’ म्हणजे ॲरिझोना. ‘जीएमटी स्टँडर्ड टाइम’ लंडन, बदलतं. ‘ग्रिनिच स्टँडर्ड टाइम’ रेक्याव्हिक, बदलत नाही. सीएलडीआरमध्ये (भाषा-प्रदेशांच्या माहितीचा युनिकोडचा संग्रह) विंडोज ते आयाना असा तक्ता आहे, स्वतःचा बनवत बसू नका. डॉटनेट ६ पासून दोन्ही प्रकारची नावं चालतात.

रामबाग_बॅकएंड
विंडोज नाही, सुटलो. एका सीनियरचं म्हणणं की आयडीच्या भानगडीत न पडता ‘ईटीसी/जीएमटी-५’ ठेवा, सोपं पडतं.

पलासिया_०९
भिया, ते तर उलटं आहे! ‘ईटीसी’ गटात चिन्ह जुन्या पॉझिक्स (युनिक्सचं मानक) पद्धतीचं, पश्चिमेला अधिक. ‘ईटीसी/जीएमटी-५’ म्हणजे यूटीसीच्या ५ तास पुढे, पाकिस्तानची वेळ. आणि सरळ करून ‘ईटीसी/जीएमटी+५’ ठेवलं तरी तो गोठलेला आकडाच, उन्हाळ्यात परत तोच घोळ.

नारायणबाग
सगळं यूटीसीत साठवा, दाखवताना बदला, झोनच्या नावाने एवढं डोकं का पिकवायचं?

पलासिया_०९
होऊन गेलेल्या गोष्टींसाठी अगदी बरोबर. लॉगिन, पेमेंट, लॉग: यूटीसी आणि विषय संपला.

पुढच्या अपॉइंटमेंटला नाही चालत. ‘१२ तारखेला सकाळी ९, दवाखान्याच्या घड्याळात’ हा करार आहे, यूटीसी त्यावरून काढलेला आकडा. मधे सरकारने नियम बदलला तर आकडा बदलायला हवा, ९ नाही. असं होतं: जॉर्डन आणि सीरियाने ऑक्टोबर २०२२ मध्ये काही आठवडे आधी सांगून हिवाळी वेळ बंद केली. त्याच महिन्यात मेक्सिकोने बहुतेक देशापुरती उन्हाळी वेळ सोडली, पण सीमेवरचं तिहुआना अजून कॅलिफोर्नियाबरोबर घड्याळ हलवतं. म्हणून तीन कॉलम ठेवा: स्थानिक तारीख-वेळ (‘टाइमस्टॅम्प’, झोनशिवाय), झोनचा आयडी, आणि शोधायला-क्रम लावायला काढलेला यूटीसी. नियम बदलले की तिसरा पहिल्या दोनांवरून पुन्हा काढायचा. पोस्टग्रेसच्या ‘टाइमस्टॅम्पटीझेड’ला नावावरून भुलू नका, त्यात झोन साठत नाही, आत नुसता यूटीसी क्षण असतो.

सुदामानगर_जेएस
पुढे-मागे हे सगळं एकाच मजकुरात पाठवायचं झालं तर २०२४ चं आरएफसी ९५५७ (इंटरनेटच्या मानकाचा दस्तऐवज) बघा, ऑफसेटनंतर (यूटीसीपासूनचा फरक) चौकटी कंसात आयडी लिहायची पद्धत आहे.

रामबाग_बॅकएंड
पटलं. जुन्या डेटाचं काय? कॉलममध्ये ईएसटी, एमएसटी भरलेले आहेत आणि पुढच्या अपॉइंटमेंटही.

पलासिया_०९
जुन्या कॉलमला हात लावू नका, शेजारी नवा करा. संक्षेपावरून आयडी काढू नका, दवाखान्याच्या पत्त्यावरून काढा. एमएसटीवाला ॲरिझोनात आहे की कोलोरॅडोत हे संक्षेप सांगत नाही. पत्ता आणि संक्षेप जुळत नसेल ते वेगळे काढून क्लायंटकडून खात्री करून घ्या.

मग फक्त पुढच्या अपॉइंटमेंट. साठवलेल्या यूटीसीतून ज्या ठरावीक ऑफसेटने ती बनली तोच वजा करा, म्हणजे ईएसटीसाठी ५ तास. जुलैतली १४:०० पुन्हा ९:०० होते, रिसेप्शनिस्टने टाइप केलेली. ही स्थानिक वेळ नव्या आयडीने वाचा, १३:०० यूटीसी मिळेल. मात्र आधी बघा की कोणी चूक ओळखून मुद्दाम ८ टाकून ९ साधलेली नाही. दवाखाना उघडायच्या आधीच्या वेळा शोधल्या की त्या सापडतात. होऊन गेलेल्या अपॉइंटमेंट तशाच राहू द्या, बिलं त्यांच्यावर निघालेली असतात.

आयडी तपासल्याशिवाय आत घेऊ नका. जावाच्या जुन्या ‘टाइमझोन.गेटटाइमझोन’ला चुकीचं नाव दिलं तर तो काही न बोलता जीएमटी देतो. ‘झोनआयडी.ऑफ’ अपवाद फेकतो, तो वापरा. पायथनमध्ये ३.९ पासून ‘झोनइन्फो’ आहे. पायटीझेड (पायथनची जुनी टाइमझोन लायब्ररी) अजून असेल तर ‘टीझेडइन्फो=’ला थेट देऊ नका, ‘लोकलाइझ’ वापरा. नाहीतर कोलकात्याला ५:३० च्या जागी ५:५३ असा जुना स्थानिक फरक लागतो.

रामबाग_बॅकएंड
कोलकातावरून आठवलं, काही ब्राउझरमधून ‘एशिया/कॅलकटा’ येतं. ते नाकारायचं?

सुदामानगर_जेएस
नाही, ते जुनं नाव आहे, दुव्याने चालू ठेवलेलं. २०२२ मध्ये कीव्हचं स्पेलिंग बदललं तेव्हाही जुनं तसंच ठेवलं. घ्या दोन्ही, पण तुलना करताना आधी एकाच रूपात आणा. शब्दशः तुलना केली तर इंदूरचेच दोन वापरकर्ते वेगळ्या झोनमध्ये दिसतील.

तुकोगंज_डॉटनेट
नियमांच्या प्रती किती ठिकाणी आहेत तेही मोजा. जेव्हीएम (जावा ज्यावर चालतं ते) स्वतःची घेऊन येतं, पोस्टग्रेस स्वतःची किंवा सिस्टिमची, ब्राउझरची तिसरी. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये ‘टीझेडडेटा’ हे नियमांचं पॅकेज मुळात नसतं, ते टाकावं लागतं. आवृत्त्या वेगळ्या पडल्या की एकच अपॉइंटमेंट स्क्रीनवर ९ ची आणि ईमेलमध्ये १० ची.

रामबाग_बॅकएंड
शेवटचं. चाचणीला तारखा कोणत्या घेऊ?

पलासिया_०९
न्यूयॉर्कसाठी ८ मार्च २०२६, पहाटे २:३०. ही वेळ अस्तित्वातच नाही, जावाचा ‘झोनडेटटाइम’ ती ३:३० करतो. तुम्हाला ते चालेल की फॉर्मवरच नकार हवा, ते आधी ठरवा. मग १ नोव्हेंबर २०२६, रात्री १:३०. ही दोनदा येते, ५:३० आणि ६:३० यूटीसी, इंदुरात सकाळी ११ आणि दुपारी १२. जावा पहिली धरतो, पायथनमध्ये ‘फोल्ड’ ० पहिली आणि १ दुसरी. रात्री दोनला दात काढायला कोणी येत नाही, पण तुमचे रात्रीचे जॉब (सर्व्हरवर आपोआप चालणारी कामं) त्याच वेळेला असतील. ते यूटीसीवर लावा, नाहीतर स्थानिक १ ते ३ सोडून.

लंडनला २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. ८ ते २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या दोन पट्ट्यांत लंडन-न्यूयॉर्क फरक ५ चा ४ तास होतो. दोन्ही देशांचे दवाखाने एका रिपोर्टमध्ये असतील तर त्या आठवड्यांची एक ओळ तपासा. फिनिक्सची एकही तारीख हलता कामा नये.

आणि तुमचं क्लायंटबरोबरचं स्टँडअप (रोजची छोटी बैठक) कॅलेंडरमध्ये कोणाच्या झोनवर आहे तेही पाहून घ्या. न्यूयॉर्कच्या सकाळी ९ वर असेल तर इंदुरात उन्हाळ्यात संध्याकाळी ६:३०, हिवाळ्यात ७:३०. इंदूरच्या ६:३० वर बांधलं असेल तर नोव्हेंबरात त्यांना ८ ला बसावं लागेल.