नेपाळात घरं बांधायला जायचंय म्हणून ८५ हजारांची वर्गणी? मला नाही पटत

गवंडीपुत्र
परवा इथे एका मुलीने आवाहन टाकलंय, बऱ्याच जणांनी वाचलं असेल. नेपाळात जाजरकोटला भूकंपात पडलेली घरं परत बांधायला दोन आठवडे जायचंय, ८५ हजार हवेत, जमेल तेवढी मदत करा. खाली ढीगभर लोकांनी हात जोडलेत आणि "अभिमान वाटतो" लिहिलंय. तिथेच उत्तर देणार होतो पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

८५ हजार म्हणजे नेपाळी १ लाख ३६ हजार. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री तो भूकंप झाला, दीडशेच्या वर माणसं गेली, त्यानंतर तिथल्या सरकारने तात्पुरत्या निवाऱ्याला कुटुंबामागे ५० हजार नेपाळी ठरवले, तेही दोन हप्त्यांत. म्हणजे एका मुलीच्या जाण्यायेण्यात अडीचहून जास्त कुटुंबांचे पत्र्याचे निवारे होतात. हा हिशोब कुणीच कसा करत नाही?

आणि तिथे जाऊन करणार काय? माझे वडील गवंडी, मी साइटवरच मोठा झालो. दगड-मातीची भिंत रचणं हे बघून येणारं काम नाही. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे नुसती माती आणि खडे कोंबलेले असले की हादरा बसल्यावर दोन्ही थर सुटतात आणि भिंत पोटातून फुटते. म्हणून ठराविक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायचा, कोपऱ्यात दगड एकमेकांत गुंतवायचे, खिडकीच्या खाली-वर सलग पट्टा घ्यायचा. १९९३ च्या भूकंपात पडलेल्या आपल्या लातूरच्या किल्लारीत हेच नव्हतं, जाजरकोटमध्येही नव्हतं. हे चुकलं तर पुढच्या भूकंपात त्याच घरात तेच लोक मरतात. हे काम ज्याने आयुष्यात थापी धरली नाही त्याच्या हातात द्यायचं?

सह्याद्रीभटक्या
दादा, भिंत रचायला कुणी देतच नाही हो. मी २०१५ च्या भूकंपानंतर सिंधुपाल्चोकमध्ये जाऊन आलोय, वर्गणी काढूनच गेलो होतो. आम्हाला दिलेलं काम म्हणजे ढिगारा उपसायचा, चांगले दगड एकीकडे, फुटके एकीकडे, जुन्या वाशांमधले खिळे उपटून लाकूड परत वापरण्यासारखं करायचं. भिंतीला गावचाच डकर्मी, म्हणजे तिथला गवंडी. ज्या घरी होतो तिथे म्हातारा-म्हातारी, सून आणि दोन लहान पोरं. मुलगा मलेशियात, धाकटा कतारला. अख्ख्या वाडीत तरणा माणूस शोधून सापडत नव्हता. पाच लाखांच्या आसपास घरं पूर्ण पडलेली, एवढे हात आणायचे कुठून?

दुसरं म्हणजे, ते पैसे माझ्या ऑफिसच्या लोकांनी मला बघून दिले. मी जाणार नसतो तर ते पैसे नेपाळला गेले नसते, त्यांच्याच खात्यात राहिले असते. तुमचं "त्यापेक्षा पाठवून द्या" हे कागदावर बरोबर आहे, पण तसं कुणी पाठवत नाही.

गवंडीपुत्र
खिळे उपटायला ८५ हजाराचा माणूस? शेजारच्या जिल्ह्यातल्या मजुराला रोज द्या, त्याचंही घर चालेल. तो भारतात हमाली करायला उतरतो कारण तिथे रोजगार नाही, आणि आपण तिथे जाऊन फुकटात त्याचं काम करायचं.

हिशेबनीस
मुळात ८५ हजार होतातच कसे ते सांगा. पुण्याहून लखनौ रेल्वेने, तिथून रुपईडीहा, बॉर्डर ओलांडली की नेपाळगंज, पुढे सुर्खेतवरून बसने वर. भारतीयांना व्हिसा लागत नाही. स्लीपरने गेलं तर काय खर्च आहे? आणि हे ऑनलाइन वर्गणीवाले, मागे एका आजारी मुलासाठी मी पैसे भरले तर वरती टिप म्हणून रक्कम आपोआप धरलेली, ती काढायचं बटण सापडेपर्यंत पैसे गेले पण. विचारलं तर उत्तर नाही. देणाऱ्याला वाटतं सगळं गरजूला पोचलं. यावर कुणी बोलत नाही.

सास्तूरची_लेक
गवंडीपुत्र, तुम्ही किल्लारीचं नाव घेतलंत म्हणून लिहितेय. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाच्या रात्री माणसं दमून झोपलेली आणि पहाटे चारच्या आत सगळं संपलं. मी तेव्हा सहावीत होते. नंतर आमच्याकडे पण बाहेरचे खूप आले. पण माझा राग स्वयंसेवकांवर नाहीच, त्यांनी प्रेतं काढली, खिचडी शिजवली, त्यांचे उपकार आहेत. राग आहे तो घरं ज्या हिशोबाने दिली त्यावर. ५२ गावं उठवून नवीन जागी नेली, आणि घर किती मोठं ते ठरवलं जमिनीवरून! भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. माणसं मेली ती काय हेक्टर बघून मेली का? आम्ही २५० वाले. एका खोलीत आजी, आई-वडील, आम्ही तिघं भावंडं आणि जिचं कुणी उरलं नाही अशी चुलत बहीण.

माळवदवाला
ताई, जमिनीचा निकष चूक होता, मान्य. पण गाव उठवलं ते चूक नव्हतं. माझी आजी त्यानंतर मरेपर्यंत माळवदाखाली, म्हणजे लाकूड-मातीच्या जड छपराखाली, झोपली नाही. दगडाची भिंत बघितली की अंग चोरायची. लोकांनीच मागितलं होतं की आम्हाला स्लॅबचं घर पाहिजे, दगड नको. आज शहरात बसून "पारंपरिक घरं किती थंड असतात" म्हणणाऱ्यांनी तेव्हा येऊन तिला समजवायचं होतं.

सास्तूरची_लेक
थंड-गरम मी म्हटलंच नाही. मी म्हणतेय वाड्यात गोठा होता, कणगी होती, न्हाणीला आडोसा होता. नवीन गावात सरळ रस्ते आणि सारखे डबे. म्हैस कुठे बांधायची हे नकाशा काढणाऱ्याला सुचलंच नाही. शेत लांब पडलं. प्रत्येकाने मागे पत्र्याची शेड काढली आणि चूल तिकडे गेली, आमच्याकडे तर पक्क्या खोलीत वर्षानुवर्षं नुसती सोयाबीनची पोती होती. बाईला विचारलं असतं तर पहिल्या दिवशी सांगितलं असतं.

माळवदवाला
सरसकट बोलू नका. ती ५२ गावंच सगळे धरून बसतात. बाकीच्या गावांमध्ये सुमारे दोन लाख घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत झाली, तिथे पैसे घरमालकाच्या हातात दिले, त्याने स्वतः गवंडी धरला. तिथे बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं, त्या घरोघरी फिरून भिंतीला काय करायचं ते सांगायच्या. माझी मावशी होती त्यात. विचारलं नाही म्हणता, तिला विचारायला कोण गेलं होतं मग?

सास्तूरची_लेक
तुमच्या मावशीला विचारलं, माझ्या आईला नाही. तुमच्या घरात माणसं वाचली म्हणून तुम्हाला सरकारचं गुणगान सुचतंय.

माळवदवाला
माझे दोन काका गेले. कोण वाचलं आणि कोण नाही हे तुम्ही मला सांगू नका.

सह्याद्रीभटक्या
अहो थांबा दोघंही. आणि ताई, ते वाक्य मागे घ्या.

सास्तूरची_लेक
काकांचं माहीत नव्हतं. ते वाक्य मागे. बाकी एकही शब्द मागे नाही.

मोकळी_वाट
ज्या मुलीचं आवाहन आहे ती मी. माझ्याबद्दल इतकं लिहिलंत, एकानेही मला विचारलं नाही. ८५ पैकी ५० हजार तिथल्या गटाला पत्रे, तार आणि लाकडासाठी जातात, प्रवास आणि राहणं ३५. रेल्वेनेच चाललेय. मी भिंत बांधणार नाहीये. गावातल्या बायकांना गवंडीकामाचं प्रशिक्षण चाललंय, त्यांची लहान पोरं सांभाळायची आणि साहित्याची नोंद ठेवायची, हे माझं काम. थंडीत लोक ताडपत्रीखाली राहिले, म्हातारी माणसं आणि बाळंतिणी गारठल्या, ते वाचून झोप लागली नाही म्हणून जातेय. यात तुम्हाला नेमकं काय खुपलं ते सांगा काका.

गवंडीपुत्र
मग हे आवाहनात का नाही लिहिलं? तिथे लिहिलंय "घरं बांधायला" आणि हेल्मेट घातलेला फोटो. पोरं सांभाळायला चाललेय असं लिहिलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता. आया कामावर असताना पोरं कुणीतरी बघायलाच पाहिजेत, माझी आई माझ्या धाकट्या भावाला खडीच्या ढिगाशेजारी झोळीत टाकून काम करायची. तरी ३५ हजार मला जास्तच वाटतात.

मोकळी_वाट
घरं बांधायला म्हटलं की लोक पैसे देतात. पोरं सांभाळायला म्हटलं तर घरच्यांनीसुद्धा दिले नाहीत. प्रयत्न करून बघितलाय.

हिशेबनीस
म्हणजे खोटं लिहून पैसे गोळा केले. हेच मी सांगत होतो.

सह्याद्रीभटक्या
खोटं काय त्यात? बाई गवंडीकाम करतेय ती तिचं पोर कुणीतरी धरलंय म्हणून. ते घर बांधणंच आहे.

माळवदवाला
एक सांगतो. २००१ ला भूज झालं तेव्हा आमच्या भागातल्या बायका कच्छात गेल्या होत्या, स्वतःचं घर पडून परत उभं केलेल्या बायका. तिथल्या बायकांना सांगायला, की हप्ता कसा मागायचा, इंजिनिअर आला तर काय विचारायचं, गवंडी कुठे फसवतो. वर्गणी काढायचीच तर अशांच्या तिकिटाची काढा, मी पहिला देईन. या मुलीबद्दल माझं काही म्हणणं नाही, जाऊ दे तिला.

सास्तूरची_लेक
हे पहिल्यांदा बरोबर बोललात. पण त्या गेल्या कारण कुणीतरी त्यांना इथे आधी काम दिलं होतं. आमच्या ५२ गावांतल्या कुणालाच कुणी नेलं नाही, आम्ही फक्त चाव्या घेतल्या. मुली, तू जातेस तर जा, पण तिथे घराचा नकाशा ठरताना म्हैस कुठे बांधणार ते विचार. आणि भूमिहीनाला किती देतायत तेही बघून ये. आल्यावर लिही.

गवंडीपुत्र
दोन हजार देतो. साहित्याच्या खात्यात, तिकिटाला नाही. आणि आवाहनातलं "घरं बांधायला" आज बदल, तो फोटोही काढ. बदललंस की पाठवतो.