लार्पसाठी दांडपट्टा : शस्त्रांच्या चेकला बाद झाला, मदत हवी आहे (तातडीने)

फिरता_पट्टा
नमस्कार मंडळी. फोमचा दांडपट्टा केलाय, वर लॅटेक्सचे थर दिलेत. दिसायला झकास, खोबळ्यावर (हात आत घालायच्या मुठीवर) वाघाचं तोंड काढलंय. मागच्या कॉनला शस्त्रं तपासणाऱ्या बाईंनी पातं वाकवून पाहिलं, टोक अंगठ्याने दाबलं आणि सरळ बाजूला ठेवून दिला. दोन्ही दिवस निःशस्त्र हमाल म्हणून खेळलो. आता मोठी कॉन तोंडावर आलीय. काय केलं म्हणजे पास होईल? कृपया 'तलवार घे' सांगू नका. तलवार सगळेच घेतात.

अगदीच_नवखी
लार्प म्हणजे काय? आणि कॉन?

ब्रेमेनकर
@नवखी, लाइव्ह अ‍ॅक्शन रोलप्लेइंग. कपडे घालून, नाव-गाव ठरवून दोनचार दिवस दुसरंच माणूस होऊन राहायचं. लिहिलेली संहिता नाही, समोरचा जे करेल त्यावर आपण. त्याच्या मेळाव्याला जर्मनीत कॉन म्हणतात.
@धागाकर्ते, कुठला देश? कुठली कॉन? पातं किती लांब? आत काय घातलंय? एवढं तरी लिहा राव.

फिरता_पट्टा
जर्मनीच, अजून कुठे. लोअर सॅक्सनीत ब्रोकेलोला चाललोय, कॉन्क्वेस्टला. लांबी पट्ट्याची असते तेवढी.

तालीम_कोल्हापूर
पट्ट्याची म्हणजे किती? पातं चार फुटांच्या आसपास हवं आणि ते लवलंच पाहिजे. मनगट खोबळ्यात जखडलेलं असतं, हात खांद्यातून फिरतो. आमच्याकडे पोरं जमिनीवरचं लिंबू कापतात, लिंबू हलत नाही. 2024 ला सरकारने दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलाय, त्या बाईंना हे सांगा.

ब्रेमेनकर
राज्यशस्त्र आहे म्हणून लोअर सॅक्सनीतली तपासनीस बाई सलाम ठोकणार आहे का? तालीमवाले, तुमचं सगळं बरोबर आहे आणि अडचण तिथेच आहे. लार्पमध्ये घाव अंगाला लागायच्या आत आवरायचा असतो, नुसता टेकवायचा. लवणारं पातं आवरता येत नाही. हात थांबला तरी टोक पुढे जातं आणि चाबकासारखं बसतं. शिवाय पट्टा हे एकट्याने घेराव फोडायचं हत्यार. ब्रोकेलोच्या लढाईत खांद्याला खांदा लावून ढालींची रांग असते. तिथे गरगर फिरवलात तर पहिला फटका आपल्याच शेजाऱ्याच्या कानावर. डोक्यावर मारायला तर बंदीच आहे.

आत काय आहे ते अजून सांगितलं नाहीत.

सुईदोरा
कपड्यांचं काय केलंत? पट्ट्यापेक्षा ते महत्त्वाचं. बाराबंदी जाड सुती कापडाची शिवा, चकचकीत सॅटिन लांबूनही नाटकाच्या भाड्याच्या पेटीतलं वाटतं. घड्याळ काढा. मुंडासं घरीच बांधून आतून चार टाके घाला, नाहीतर पहिल्या धावपळीत सुटतं.

फिरता_पट्टा
कपडे झालेत हो. प्रश्न पट्ट्याचा आहे. आत पॅकिंगची लोखंडी पट्टी आहे, दुसरं काय असणार? लवायला नको?

ब्रेमेनकर
अहो!!! मग बाद नाही करणार तर काय. धातूचा गाभा कुठेच चालत नाही. फोम फाटून टोक बाहेर आलं तर पात्याची धारच झाली की ती. त्या बाईंनी टोक दाबलं ते याचसाठी.

गाभा काचतंतूच्या (फायबरग्लासच्या) कांडीचा घ्या. पात्याच्या टोकाच्या बरंच अलीकडे कांडी संपवा, तिच्या तोंडावर जाड चामड्याची टोपी चिकटवा, पुढे नुसता फोम. कॅम्पिंगची फोमची चटई कापून दोन्ही बाजूंनी थर द्या. लॅटेक्स ब्रशने पातळ पातळ थरांत, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर पुढचा. घाई केलीत तर आतला ओला राहतो आणि घडीवर तडकतो. लांबी हातभर कमी करा.

तालीम_कोल्हापूर
मग तो पट्टा राहिला कुठे? तलवारीला हातमोजा घातला असं म्हणा.

ब्रेमेनकर
म्हणा. पण खेळता येईल.

हॅनोवरची_माई
अरे बाळा, भांडताय काय. ब्रोकेलोला माझा धाकटा जातो. 2004 पासून तिथे कॉन्क्वेस्ट भरतं, हजारोंनी लोक असतात. पाऊस पडला की गुडघाभर चिखल. तंबूखाली जाड प्लॅस्टिक घाल. मेतकूट ने, तिथलं जेवण महाग.

एनएससी_जिंदाबाद
माझं ऐका, पट्टा-बिट्टा सोडा आणि एनएससी म्हणून जा, म्हणजे आयोजक देतील ती भूमिका करायची. तिकीट स्वस्त पडतं. काळ्या बर्फाच्या, म्हणजे खेळातल्या शत्रूच्या, फौजेत उभे राहा, दिवसभर मरा, उठा, परत मरा. नाव नको, पूर्वेतिहास नको. एकदा तिकडे गेलात की परत खेळाडू म्हणून जाणार नाही.

फिरता_पट्टा
मला मरायचं नाहीये. मला मावळा व्हायचंय.

सह्यकडा
हेच विचारायचं होतं. ऑर्क आणि चेटकिणींच्या गर्दीत, हातात बियरचा मग घेऊन मावळा? महाराजांचं नाव त्यात ओढणार का?

फिरता_पट्टा
कुठे लिहिलंय मी महाराजांचं नाव?

सुईदोरा
तिथलं जगच काल्पनिक आहे, मिथोदेआ. खरा राजा, खरं राज्य आणायचं कारणच नाही. डोंगरी मुलखातला एक पट्टेबाज, घाटावरचं खोटं गाव, खोटी देवी. वेश ओळखीचा, माणूस नवा. मी स्वतः धनगरीण केली होती, काठीला लोकर बांधून. लोक येऊन मेंढ्या कुठे आहेत विचारायचे, मी म्हणायचे लांडगे घेऊन गेले, आणि तेवढ्यावर एक अख्खी टोळी लांडगे शोधायला निघाली.

पुणेरी_शंका
यात नवीन काय? कोकणात दशावतारी शतकानुशतकं करताहेत. संहिता नाही, संवाद उभ्या उभ्या रचायचे.

ओस्लोवासी
फरक प्रेक्षकाचा आहे. दशावतारात समोर गाव बसलेलं असतं, नट त्याच्यासाठी बोलतो. लार्पमध्ये बघणारं कुणी नसतं, जो खेळतो तोच बघतो. आणि सगळं लार्प म्हणजे फोमच्या तलवारी नव्हेत. आमच्याकडे 1997 ला क्नूटेपुंक्ट सुरू झालं, तिथे लोक लार्पवर चर्चा करायलाच जमतात. इकडच्या बऱ्याच खेळांत शस्त्रच नसतं, एक कुटुंब, एक जेवणाचं टेबल, बस. पोलंडमध्ये चोखाच्या किल्ल्यात 2014 ला जादूगारांचं कॉलेज भरवलं ते माहीत असेल. पट्ट्यात अडकण्यापेक्षा...

ब्रेमेनकर
ओस्लोवासी, प्रत्येक धाग्यावर हेच. त्याला लढायचंय, लढू द्या.

पुणेरी_शंका
शस्त्राऐवजी विटा चालेल का? दोरी बांधलेला भाला, फेकून परत ओढायचा. तोही मराठ्यांचाच.

ब्रेमेनकर
नाही. फेकायच्या शस्त्रात गाभाच नको, पूर्ण फोम. आणि धावत्या माणसांत दोरी सोडणार? कुणाच्या तरी गळ्यात नाहीतर पायात.

अजून एक, धागाकर्ते. खोबळ्यातून हात झटक्यात निघतो का? पडलात आणि पातं खाली अडकलं तर मनगट जाईल. आतली आडवी मूठ ठेवा, पण मनगटावरचा पट्टा बकल लावून आवळू नका. रबरी इलॅस्टिक लावा, ओढलं की हात बाहेर. चेकला हेही बघतील.

तालीम_कोल्हापूर
हे मात्र पटलं. आमच्याकडेही नवशिक्याला खोबळा सैलच देतात. फिरवणं कमी करा, वरून खाली आणि आडवा, दोनच हात. दुसऱ्या हातात ढाल असू द्या. गोल, चार फुल्यांची, फोममध्ये सहज होईल.

फिरता_पट्टा
बकलच आहे सध्या. बरं, काढतो. काचतंतूची कांडी कुठे मिळेल? बांधकामाच्या दुकानात विचारलं, त्यांनी पडद्याचा दांडा दाखवला.

ब्रेमेनकर
पतंगाच्या दुकानात. मोठ्या पतंगांना त्याच कांड्या लागतात. हाताने लववून बघा, अगदी बारीक घेऊ नका, तुमच्या लांबीला फार लवेल. कापताना तोंडाला फडकं बांधा, ती धूळ छातीत जाते. लांबी आणि वजन इथे टाका, मग सांगतो फोम किती जाड हवा.

फिरता_पट्टा
वजन कसं सांगू, अजून केला कुठे? पतंगाचं दुकान सोमवारी उघडतं म्हणे.

हॅनोवरची_माई
पायात काय घालणार आहेस? कोल्हापुरी नको रे, चिखलात भिजून फुगते.

तालीम_कोल्हापूर
कोल्हापुरीला काही होत नाही. तेल पाजलेली हवी.