अभ्यासाच्या टेबलासाठी दिवा: वॅट वाढवावेत की जागा बदलावी?

सदाफुली
आमच्या पुण्यातील भाड्याच्या घरात दहा बाय अकराच्या खोलीचा एक कोपरा दिवसा माझ्या कार्यालयीन कामासाठी आणि संध्याकाळनंतर बारावीतल्या मुलीच्या अभ्यासासाठी वापरला जातो. टेबल पूर्वेच्या भिंतीला लावलेले आहे, त्यामुळे पश्चिमेची खिडकी आणि तिच्या वरची वीस वॅटची एलईडी ट्यूब ही दोन्ही बसणाऱ्याच्या पाठीशी येतात. परिणामी वहीवर आपल्याच डोक्याची सावली पडते आणि दुपारी चारनंतर संगणकाच्या पडद्यावर अक्षरांऐवजी खिडकीच दिसते. दुकानदार छत्तीस वॅटची ट्यूब लावा म्हणतो. घर भाड्याचे असल्याने भिंत फोडून वायरिंग करता येणार नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तारयंत्री
दुकानदाराचे ऐकलेत तर सावली जागची हलणार नाही, उलट अधिक ठळक होईल. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. प्रकाश किती देतो ते खोक्यावरच्या ल्युमेनच्या आकड्यावरून कळते. वीस वॅटची बरी एलईडी ट्यूब साधारण दोन हजार ल्युमेन देते आणि तुमच्या खोलीच्या सर्वसाधारण उजेडाला तेवढे पुरेसे आहे. प्रश्न आहे तो टेबलावर प्रत्यक्ष किती प्रकाश पोहोचतो याचा. तो लक्समध्ये मोजतात आणि लेखन-वाचनासाठी ३०० ते ५०० लक्स असावा असे सर्वसाधारणपणे मानले जाते. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांशावर येतो, म्हणूनच हाताच्या अंतरावरचा सात-आठ वॅटचा टेबललॅम्प जे काम करतो ते पाठीमागची मोठी ट्यूब करू शकत नाही. शेडची खालची कड डोळ्यांच्या रेषेखाली राहील असे पाहा. आतला दिवा थेट दिसू लागला की डोळे दिपतात.

ओसरी
वरील मताशी सहमत आहे, फक्त रंगाबद्दल थोडे लिहितो. आपल्याकडे पांढराशुभ्र म्हणजे चांगला अशा समजुतीने सर्रास ६५०० केल्विनचे दिवे घेतले जातात. केल्विन म्हणजे प्रकाशाची रंगछटा सांगणारा आकडा; तो जितका मोठा तितका प्रकाश निळसर, जितका लहान तितका पिवळसर. रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या मुलीसाठी मी ४००० केल्विनचा, आणि झोपेपूर्वीच्या तासाभरासाठी त्याहून पिवळसर प्रकाश निवडेन, कारण निळसर प्रखर प्रकाशाने झोप लागायला उशीर होतो. जीवशास्त्राच्या आकृत्या आणि नकाशे रंगवायचे असतील तर खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, ९० किंवा त्याच्या आसपास आहे का तेही पाहावे. ८०च्या खालचा दिवा घेऊ नये. आणखी एक गोष्ट म्हणजे, खोलीत अंधार करून टेबललॅम्पच्या वर्तुळात बसले की एकाग्रता वाढते हा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात उजळ वहीवरून काळोख्या भिंतीकडे नजर गेली की डोळ्यांना दर वेळी नव्याने जुळवून घ्यावे लागते. ट्यूब चालूच ठेवावी.

सदाफुली
दोघांचेही आभार. एक अडचण राहते: मी उजव्या हाताने लिहिते, पण मुलगी डावखुरी आहे. शिवाय व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा काळवंडलेला दिसतो. दिवा नेमका कोणत्या बाजूला ठेवावा?

तारयंत्री
दिव्याआधी टेबल हलवा. ते उत्तरेच्या भिंतीला लावलेत तर खिडकी तुमच्या डाव्या हाताला येईल. पडद्यावरची चमक जाईल, उजव्या हाताने लिहिताना सावलीही पडणार नाही. उन्हाळ्यातल्या कलत्या उन्हासाठी फिकट रंगाचा पातळ पडदा पुरे. मुलगी अंधार पडल्यावर बसते, त्यामुळे तिला खिडकीचा प्रश्नच नाही. टेबलाच्या मागच्या कडेला मधोमध, क्लॅम्पने बसणारा लांब दांड्याचा लॅम्प लावा, म्हणजे तुमच्यासाठी तो डावीकडे आणि तिच्यासाठी उजवीकडे वळवता येईल. ट्यूब डावीकडून येत असली तरी जवळचा दिवा तिच्या हाताची सावली पुसून टाकतो. कॉलच्या वेळी शेड समोरच्या भिंतीकडे फिरवा. भिंत पांढरी असेल तर तिच्यावरून परतणारा प्रकाश चेहऱ्यावर सौम्य पडतो.

ओसरी
दुकानात दिवा लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकणारा आहे, घेऊ नये. मग शेडखाली कागद ठेवून त्यावर पेन धरावे. उघड्या एलईडींच्या रांगेमुळे पेनाच्या तीन-चार सावल्या पडतात. दुधी आवरणाच्या दिव्याखाली एकच आणि मऊ कडांची सावली पडते, तो घ्यावा.